स्वयंपाकघरातले कागद हस्तकलेत कसे वापरायचे: बटर पेपर, फॉइल, टिश्यू आणि पार्सलचा कागद

हस्तकलेचं सामान आणायला सोलापूरच्या नवी पेठेत जाण्याआधी ओट्याखालचा खण उघडून बघा. भाकरी गुंडाळायची फॉइल, केकसाठी आणलेला बटर पेपर, पुसायचा किचन टिश्यू, पाहुण्यांसाठी ठेवलेले छापील नॅपकिन, हॉटेलच्या पार्सलचा एका बाजूने चकचकीत कागद. यातला प्रत्येक कागद कशाला तरी अडवण्यासाठी किंवा काहीतरी शोषण्यासाठी तयार केलेला असतो. बटर पेपर तेल अडवतो, पार्सलचा कागद पातळ भाजी अडवतो, टिश्यू पाणी पितो, फॉइल वाकवाल तशी वाकून तशीच राहते. हस्तकलेतही त्याचा हाच गुण कामाला येतो. कागद कशाला नकार देतो हे आधी ओळखायचं आणि मग काम निवडायचं. उलट केलं, म्हणजे काम आधी ठरवून हाताला लागेल तो कागद घेतला, की रंग ओघळतात, फेविकॉल सुटतो आणि कागदाला नावं ठेवली जातात.

बटर पेपर आधी ओळखा

बाजारात ‘बटर पेपर’ या एकाच नावाने निदान तीन वेगळे कागद मिळतात. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर नकाशे आणि नक्षी वरून गिरवून घ्यायला असतो. किराणा दुकानात किंवा मिठाईवाल्याकडे मिळणारा, तेल अडवणारा साधा कागद दुसरा. त्याचा लगदा इतका बारीक कुटलेला असतो की तंतूंमध्ये तेल शिरायला वाटच उरत नाही. तिसरा बेकिंगचा. याच्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, म्हणून केक त्याला चिकटत नाही आणि भट्टीची उष्णताही तो सोसतो. त्याच्या खोक्यावर साधारण २२० अंश सेल्सिअसपर्यंतची मर्यादा छापलेली असते.

खोकं हरवलं असेल तर ओळखायची सोपी रीत आहे. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. सिलिकॉनच्या कागदावर थेंब गोल मण्यासारखा उभा राहतो आणि खालचा कागद सपाटच असतो. साध्या कागदावर थोड्या वेळात त्या जागी सुरकुती येते. तरीही शंका वाटली तर फेविकॉलचा ठिपका देऊन पूर्ण वाळू द्या. नखाने अख्खा उचलून निघाला तर सिलिकॉन, कागदासकट फाटला तर साधा.

ही परीक्षा टाळू नका, कारण दोन्हींची कामं अगदी उलट आहेत. सिलिकॉनवाला कागद खाली अंथरायला आणि इस्त्रीखाली घालायला वापरायचा. त्यावर चित्र काढायचा किंवा काही चिकटवायचा प्रयत्नच करू नये. चिकटवायचं, रंगवायचं, कंदिलाला लावायचं असेल तर साधा कागद घ्यायचा.

अंथरायच्या कागदाचा सर्वात सुंदर उपयोग संक्रांतीत होतो, हलव्याचे दागिने करताना. हार, बाजूबंद, मुकुट यांची नक्षी पांढऱ्या कागदावर ठळक काढा, वर सिलिकॉनचा बटर पेपर ठेवा आणि चारही बाजू चिकटपट्टीने टेबलाला पक्क्या करा. खालची रेघ वरून स्वच्छ दिसते. त्या रेघेवर दोरा मांडा, फेविकॉलचे छोटे ठिपके देत हलवा बसवत जा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी दागिना कागदावरून अलगद सुटतो आणि त्याची मागची बाजूही सपाट मिळते. दोन्ही बाजूबंद एकाच नक्षीवर केले की जोडी तंतोतंत जमते. बोरन्हाणाला लहान मूल दागिने तोंडात घालतंच, तेव्हा बाळाच्या दागिन्यांना फेविकॉल अजिबात नको. त्याचा हलवा दोऱ्यात बांधून गुंफायचा, आणि दागिने अंगावर असेपर्यंत कुणीतरी जवळ बसायचं.

चादरीची नक्षी कापडी पिशवीवर

या लेखातला माझा सर्वात आवडता प्रकार हा आहे, म्हणून सविस्तर सांगते. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर घडी उलगडून नीट बघा. मोर असो, फूल असो की कोयरी, कडा पायऱ्यापायऱ्यांनी जाते. जकार्ड यंत्र बसवलेल्या मागावर विणायची नक्षी चौकटीच्या कागदावर, एकेक चौकट भरून उतरवायची असते, त्यामुळे तिच्यात ही पायरी येते. हीच पायरी स्टेन्सिल, म्हणजे आतून रंग लावायचा कागदी साचा, कापणाऱ्याच्या फायद्याची ठरते. सगळ्या रेघा सरळ असतात, गोलाई कापताना कटर घसरण्याची भीती राहत नाही, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलालाही पट्टी धरून कापता येते.

कागद घ्यायचा पार्सलचा, ज्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो तो. पत्रावळी-द्रोण विकणाऱ्या दुकानात याचे कोरे ताव मिळतात. कोपरा हळू फाडून बघा, फाटलेल्या कडेला पातळ पापुद्रा ताणला जाताना दिसला तर कागद बरोबर आहे. प्लास्टिकची बाजू कापडावर ठेवून वरून इस्त्री फिरवली की तो थर मऊ पडून कापडाला तात्पुरता धरतो आणि काम झाल्यावर सोलून निघतो. साध्या कागदाच्या स्टेन्सिलखाली रंग शिरतो, तसा इथे शिरत नाही.

पिशवी सुती हवी, आणि नवी असेल तर आधी धुवून तिची खळ काढा. खळ राहिली तर रंग वरवर बसतो आणि पुढच्या धुण्यात जातो. वाळल्यावर इस्त्री करून पिशवी सपाट करा.

आता नक्षी. पाच मिलिमीटरच्या चौकटींच्या वहीत वीस बाय वीस चौकटी आखल्या की दहा सेंटिमीटरची नक्षी होते. पिशवीच्या मधोमध ठेवायला हे माप चांगलं दिसतं. पहिल्यांदा करताना मोराच्या मागे लागू नका. चादरीच्या किनारीतला चौकोनात चौकोन किंवा पायऱ्यांची शंकरपाळी घ्या. चौकटी पेन्सिलने भरून झाल्या की नक्षी पार्सलच्या कागदाच्या खरखरीत बाजूवर उतरवा. चकचकीत बाजू खाली जाणार असल्यामुळे नक्षी उलटी होत नाही. नाव किंवा अक्षर घातलं तरी सुलटंच उमटतं.

खाली जाड पुठ्ठा ठेवून पेपर कटरने कापा. कटरचं पातं नवं घ्या. बोथट पात्याने प्लास्टिकचा थर ओढला जातो आणि कड तुसाळ होते. आतले छोटे चौकोन कापताना ते सुटून पडतील, ते टाकू नका, वाटीत जपून ठेवा. साध्या स्टेन्सिलमध्ये असे सुटे तुकडे जागेवर धरायला मध्ये पूल ठेवावे लागतात. इथे तेही इस्त्रीने कापडावर हवे तिथे बसतात.

इस्त्रीसाठी चादर एकदाच दुमडून अंथरा. जास्त घड्या केल्या की खालचा भाग मऊ पडतो आणि कडा नीट दाबल्या जात नाहीत. पिशवीच्या आत एक बटर पेपर सरकवा, म्हणजे रंग पलीकडच्या बाजूला उतरणार नाही. स्टेन्सिल चकचकीत बाजू खाली करून ठेवा, सुटे तुकडे मांडा, वर सिलिकॉनचा बटर पेपर घाला आणि वाफ बंद करून मध्यम तापमानाची इस्त्री दाबा. फिरवायची नाही, एका जागी आठ-दहा सेकंद दाबून उचलायची आणि पुढच्या जागी ठेवायची. कडांवरून बोट फिरवून बघा, कुठे उचललेली वाटली तर तिथे पुन्हा दाबा. प्रत्येक दुकानातल्या कागदाचा थर सारखा नसतो, त्यामुळे आधी चिंधीवर एक तुकडा लावून सोलून बघणं बरं.

रंग फॅब्रिकचा घ्या आणि पाणी घालू नका. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून आधी रद्दीवर टिपा, तो जवळजवळ कोरडा झाला की नक्षीवर ठोकत जा. घासायचं नाही, ठोकायचं, आणि कडेकडून मध्याकडे. पहिला हात फिका दिसतो, तो वाळला की दुसरा द्या. रंग बोटाला लागेनासा झाला की स्टेन्सिल कोपऱ्यातून हळू सोला आणि सुटे तुकडे सुईच्या टोकाने उचला. एक दिवस वाळू देऊन मागच्या बाजूने इस्त्री केली की रंग पक्का बसतो. पहिलं धुणं कधी करायचं ते रंगाच्या बाटलीवर दिलेलं असतं, तितके दिवस थांबा.

गडद मरून पिशवीवर पिवळी-पांढरी नक्षी घातली तर ती चादरीच्या सर्वात जवळ जाते. मात्र गडद कापडावर पिवळा रंग बुडतो, म्हणून आधी पांढऱ्याचा एक हात द्यावा लागतो.

फॉइलची पाटी

फॉइलची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद का असते? कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांमधून काढतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना लागलेल्या बाजू मंद राहतात. गुण दोन्हींचे सारखेच. पाटीसाठी मला मंद बाजू वर ठेवलेली आवडते, जुन्या चांदीसारखी दिसते. चकचकीत बाजूवर सुरकुत्या फार उठून दिसतात.

जाड पुठ्ठा हव्या त्या मापाचा कापा आणि त्यावर पेन्सिलने नाव लिहा. सोलापुरातल्या एकाच जिन्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नावांच्या पाट्या शेजारीशेजारी असतात, आणि दोरा मांडून अक्षर करायला प्रत्येक लिपीची वेगळी रीत लागते. कन्नड-तेलुगूची गोल वळणं दोऱ्याला सोपी जातात, एकच दोरा न तोडता अक्षर पुरं करता येतं. देवनागरीत शिरोरेघ आधी लावा, सगळ्या नावावर एकच सलग दोरा. मग खालची अक्षरं तुकड्यातुकड्यांनी तिला टेकवा. उर्दूचे नुक्ते मसुराच्या डाळीने छान होतात.

दोरा जाड सुती घ्या. सुतळी घेऊ नका, तिची कुसळं फॉइलमधून वर येतात. दोरा रेघेवर फेविकॉलने बसवून रात्रभर वाळवा. फॉइल पाटीपेक्षा सगळीकडून तीन-चार सेंटिमीटर मोठी कापा, हलकेच चुरगळा आणि पुन्हा उलगडा. चुरगळल्याने तिला थोडी सैल मिळते, दोऱ्याच्या उंचवट्यावरून वळताना ती फाटत नाही. पुठ्ठ्यावर पातळ फेविकॉल सगळीकडे लावून फॉइल पसरवा आणि किचन टिश्यूच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबा. मग कान साफ करायच्या काडीने प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही अंगांना घासत जा. इथे घाई करू नका. अक्षर किती उठून दिसेल हे या घासण्यावरच ठरतं. कडा मागे दुमडून चिकटवा आणि मागे दुसरा पुठ्ठा लावा.

जुनेपणा आणायला काळं बूट पॉलिश चिंधीने सगळीकडे चोळा आणि लगेच कोरड्या चिंधीने पुसा. खोलगट जागी काळं राहतं, उंचवटे उजळतात. पाण्यातला ॲक्रिलिक रंग फॉइलवर नीट धरत नाही, खरवडला की निघतो. पाटी पावसाच्या तोंडाशी नको, जिन्यात किंवा दाराच्या आतल्या बाजूला लावा. आणि फॉइलमधून वीज जाते, तेव्हा ती बेलच्या बटणापासून किंवा वायरीपासून दूर असू द्या.

यासाठी भाकरी बांधलेली फॉइलही चालते, फक्त ती कोरड्या भाकरीची हवी. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागलेली फॉइल कितीही पुसली तरी तिच्यावर फेविकॉल धरत नाही, आणि मुंग्या येतात ते वेगळंच.

छापील नॅपकिन मातीच्या कुंडीवर

कागदी नॅपकिन दोन किंवा तीन पापुद्र्यांचा असतो आणि छपाई फक्त वरच्या पापुद्र्यावर असते. तोच वापरायचा. बोटांना चिकटपट्टी उलटी गुंडाळून नॅपकिनच्या कोपऱ्याला वरून-खालून लावा आणि दोन्हीकडे ओढा, पापुद्रे सुटतात.

भाजलेली माती पाणी पिते, म्हणून कुंडीला आधी बाहेरून पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात द्या. छपाईचा पापुद्रा इतका पातळ असतो की खालचा रंग त्यातून दिसतो. लाल मातीवर तो सरळ लावला तर फुलं मळकी दिसतात. फुलं कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने त्यांच्याभोवती रेघ मारून हाताने फाडा. फाडलेली कड पांढऱ्या रंगात मिसळून जाते, कापलेली कड कायम दिसत राहते. कुंडीवर पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल लावा, पापुद्रा टेकवा, आणि बोट थेट न लावता मध्ये क्लिंग फिल्मचा, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा धरून वरून मधून कडेकडे सारखा करा. ओला पापुद्रा बोटाला लगेच चिकटून फाटतो, क्लिंग फिल्मला तसा चिकटत नाही. वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात द्या, कारण फेविकॉल पाण्याने पुन्हा मऊ होतो. पणतीवर हे करायचं तर फक्त बाहेरून आणि काठापासून खाली. आत किंवा काठावर कागद गेला तर तो वातीच्या आगीच्या तोंडाशी येतो.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी करा. पारा चाळिशीच्या वर गेला की पातळ फेविकॉल ब्रशवरच घट्ट होतो आणि पापुद्रा टेकवेपर्यंत कुंडी कोरडी पडते. थोडं जास्त पाणी घाला आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्या. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पापुद्रे खोलीभर उडतात. नळाला रोज पाणी नसतं तेव्हाही अडत नाही. एका वाटीत ब्रश बुडवायचा, दुसऱ्या वाटीत विसळायचा, तेवढ्यात भागतं.

कंदिलाला पानांची खिडकी

पिंपळाची, चिंचेची, शेवग्याची पानं किचन टिश्यूच्या दोन थरांमध्ये घालून जड पुस्तकाखाली आठवडाभर दाबा. टिश्यू एक-दोनदा बदलला की पानं काळी पडत नाहीत. मग साधा, सिलिकॉन नसलेला बटर पेपर घ्या, त्यावर पानं मांडा आणि पांढरी मेणबत्ती खिसणीने अगदी विरळ भुरभुरवा. वर दुसरा बटर पेपर ठेवा. खाली-वर रद्दी घालून, वाफ बंद करून मंद इस्त्री फिरवा. मेण साधारण ५० ते ६५ अंशांत वितळतं, त्यामुळे इस्त्री सर्वात कमीवरच पुरते. मेण जास्त झालं तर डाग दिसतात. कमी पडलं तर पुन्हा भुरभुरवता येतं, तेव्हा हात आखडता ठेवा.

गार झाल्यावर ही पानं कंदिलाच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत आतून चिकटवा. कडांना मेण असेल तर फेविकॉल बसत नाही, म्हणून मेण कडेपासून दोन सेंटिमीटर आतच टाका. आत फक्त एलईडीचा दिवा. मेण, कागद आणि ज्योत एकत्र येऊ द्यायची नाही. दिवाळीनंतर कंदील पत्र्याखालच्या खोलीत ठेवलात तर उन्हाळ्यात मेण मऊ पडून पानं सरकतात. कपाटाच्या खालच्या खणात, सपाट ठेवा.

क्लिंग फिल्मचा एक झटपट प्रकार

जाड चित्रकलेच्या कागदावर जलरंगाचे दोन-तीन ओले पट्टे मारा आणि रंग ओला असतानाच त्यावर क्लिंग फिल्म सुरकुत्या पाडून टाका. पूर्ण वाळेपर्यंत उचलू नका. सुरकुत्यांच्या कडेने रंग साचतो आणि भिंगातून पाहिलेल्या दगडासारखी रेषांची नक्षी उमटते. शुभेच्छापत्रं आणि पुस्तकातल्या खुणेच्या पट्ट्या यातून कापून होतात. वापरलेली फिल्म धुवून पुन्हा चालते, पण कधी जाळू नका.

कागद साठवताना

काम उरकल्यावर बटर पेपरचे तुकडे घडी न घालता फॉइलच्या रिकाम्या नळीवर गुंडाळा. घडी पडली की अंथरायच्या कागदावर रेघ राहते आणि ती रेघ पुढच्या दागिन्यावर उमटते. फॉइलच्या खोक्याला दातेरी पट्टी असते, मुलांच्या हातात देण्याआधी तिच्यावर चिकटपट्टी लावा. पार्सलचे कोरे ताव अन्नाच्या कपाटाबाहेर, रद्दीच्या जाड तावांमध्ये सपाट ठेवा. ओलसर जागी त्यांची कड वळते आणि मग इस्त्रीला ती बसत नाही. उरलेली स्वच्छ फॉइल गोळा करून एकच घट्ट गोळा बनवा आणि रद्दी-भंगारवाल्याकडे द्या. सुटी, चटणीत माखलेली फॉइल तो घेत नाही.